पाठीचं माप

अण्णांचा पोक अख्ख्या पेठेला माहीत होता आणि त्याचं कारणही अख्ख्या पेठेला माहीत होतं. उभा जन्म मशीनवर वाकून शिलाई केली, पाठ दुसरी कशी राहणार? अण्णा स्वतःच सांगायचे, "शिंप्याची पाठ हाय, वाकणारच." गिऱ्हाइकं हसायची, आम्हीही हसायचो. कराडच्या बाजारपेठेतल्या त्या चिंचोळ्या दुकानात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते खरं की खोटं हे तपासून बघावं असं कधी मनातच आलं नाही. त्या वाक्याने आमची अडतीस वर्षं खाल्ली.

दुखणं सुरू झालं 1979 साली. अण्णा तेव्हा 27 वर्षांचे होते आणि लग्नाला सहा महिने झाले होते. आई सांगते, हे पहाटे तीनला उठायचे आणि अंगणात फेऱ्या मारत बसायचे. नव्या नवरीला वाटलं, माणसाचं कुठंतरी मोठं देणं थकलंय. कंबरेच्या मागे, दोन्ही कुल्ल्यांच्या वर ठणका लागायचा. अंथरुणात पडून राहिलं की वाढायचा, चाललं की कमी व्हायचा. सकाळी कंबर धरलेली असायची. दुकान उघडून चार कपडे बेतून झाले की दहा-साडेदहाला गडी मोकळा. सगळ्यात वाईट दिवस म्हणजे दुकानाच्या सुट्टीचा.

आता हे लिहिताना मला आमचीच लाज वाटते. दुखणं कामामुळं असतं तर कामाच्या दिवशी वाढलं असतं आणि सुट्टीला उतरलं असतं. इथं बरोबर उलटं होतं. घरात कुणी एकानं जरी हे बोलून दाखवलं असतं! पण नाही. एका डॉक्टरांनी "मणक्यात गॅप आहे" सांगितलं, दुसऱ्यांनी वजनं लावून पंधरा दिवस झोपवलं, तिसऱ्यांनी पट्टा दिला. एका हाडवैद्यानं पाठीत गुडघा रोवून खांदे मागे ओढले होते. तो किस्सा अण्णा अजून रंगवून सांगतात. मला आता ऐकवत नाही.

मधेच कधीतरी एक डोळा लाल व्हायचा, उजेड सोसायचा नाही. "डोळे आले" म्हणून आई गुलाबपाणी घालायची. दोन-तीन वर्षांनी पुन्हा, कधी हा डोळा, कधी तो. डोळ्याचा आणि कंबरेचा काही संबंध असेल हे आमच्या बापजन्मात कुणाला सुचलं नसतं.

2016 साली मी आणि भावानं एक फार मोठी चूक केली, आणि ती प्रेमानं केली. अण्णा 64 वर्षांचे झाले होते. मान पुढं आली होती, नजर जमिनीला लागलेली. भाऊ पुण्यात बऱ्यापैकी कमावत होता, मी इथंच एका पतसंस्थेत नोकरीला. आम्ही ठरवलं, आता बास. दुकान रिकामं केलं, पाटी उतरवली, मशीनवर जुनी चादर टाकली. भावानं एक भारीतली आरामखुर्ची आणली, टीव्ही तिच्या समोर. "अण्णा, आयुष्यभर राबलात. आता हलायचं नाही." पाणी हातात, चहा हातात, ताट मांडीवर. पहिला महिना अण्णा खूश होते. दिवाळीपर्यंत त्यांना खुर्चीतून उठायला माणूस लागायला लागला. आम्ही म्हणालो, वय झालं. आणि आणखी आराम दिला.

पुढच्या उन्हाळ्यात डोळा पुन्हा लाल झाला, यावेळी दिसायचंच कमी झालं. नेत्रतज्ज्ञांनी बराच वेळ यंत्रातून बघितलं आणि अचानक विचारलं, "आजोबा, पहाटे कंबर दुखते का?" अण्णा म्हणाले, "डोळ्याचं बघा की डॉक्टर." पण त्या बाईंनी चिठ्ठी लिहिली आणि आम्हाला पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांकडं पाठवलं. पाठीच्या आजाराचं निदान डोळ्याच्या दवाखान्यात झालं ते असं.

पुण्याच्या डॉक्टरांनी खणातून काढली ती टेप. अण्णांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा हुशारी आली. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतलेल्या माणसाचं माप कुणीतरी घेत होतं. छातीभोवती टेप धरून डॉक्टर म्हणाले, श्वास पूर्ण सोडा, आता भरून घ्या. टेप जेमतेम दीड सेंटिमीटर सरकली. "अर्धा इंच," अण्णा लगेच म्हणाले. फासळ्या जिथं मणक्याला मिळतात ते सांधेही आखडतात, त्यामुळं छाती फुगत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग कंबरेवर पेनानं दहा सेंटिमीटरवर दोन खुणा करून वाकायला लावलं. निरोगी पाठीत हे अंतर वाकल्यावर पंधराच्या आसपास जातं. अण्णांचं साडेदहा झालं. शेवटी टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभं केलं. डोकं भिंतीपासून 17 सेंटिमीटर पुढं.

"हे वाकणं साधारण कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं. मी आईकडं बघितलं, आईनं माझ्याकडं. हळूहळू झालेलं कुणाच्या लक्षात राहतं? अण्णा म्हणाले, "वहीत असंल."

त्यांची मापाची वही. आडनावावर पानं, आणि शेवटच्या पानावर 'स्वतः' असं लिहून स्वतःची मापं. पुढच्या खेपेला आम्ही वही घेऊन गेलो. 1986 सालच्या ओळीत शर्टाची उंची 29, पुढं-मागं सारखी. 1999 मध्ये पुढं 28, मागं साडेतीस. 2011 मध्ये पुढं साडेसव्वीस आणि मागं 32. पाठ वाकली की शर्ट मागून वर चढतो आणि पुढून लोंबतो. कसलेला शिंपी पाठीचा भाग वाढवून बेततो. अण्णा वर्षानुवर्षं स्वतःचा शर्ट असा बेतत आले होते, आमच्यापैकी कुणालाही त्या शर्टात काही वेगळं दिसलं नव्हतं. मुद्दाम सांगते, तोच त्यांच्या शिलाईचा वकूब. डॉक्टरांनी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.

आजाराचं नाव अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते, सुरुवात कंबरेच्या मागच्या सांध्यांपासून होते, बहुतेक वेळा चाळिशीच्या आत. सूज राहून राहून दोन मणक्यांच्या मधे हाड भरत जातं. एक्स-रेमध्ये अण्णांचा कणा बांबूसारखा अखंड दिसत होता, पेरांसकट. रक्तात एचएलए-बी27 नावाची खूण सापडली; या खुणेचा आणि या आजाराचा संबंध 1973 सालापासून माहीत आहे, म्हणजे अण्णांचं दुखणं सुरू व्हायच्याही आधीपासून. आणि शिंपीकाम? त्याचा काही संबंध नव्हता. डॉक्टर म्हणाले, "जे मणके जुळले ते जुळले. सूज कमी करता येईल, जुळलेलं मोकळं करता येणार नाही." अण्णा म्हणाले, "म्हंजे उसवता येत न्हाई."

मग डॉक्टरांनी मला विचारलं, हे दिवसभर काय करतात? मी अभिमानानं सांगितलं, आम्ही त्यांना काही म्हणजे काही करू देत नाही. डॉक्टर क्षणभर गप्प राहिले. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "तेच आधी बंद करा."

आरामखुर्ची भावाच्या फ्लॅटवर गेली. मशीन आईवडिलांच्या पुढच्या खोलीत आलं. नियम असा, की अर्ध्या तासाच्या वर एका जागी बसायचं नाही. मोबाइलचा गजर अण्णा बंद करून टाकायचे, तेव्हा आईनं युक्ती काढली: इस्त्री मुद्दाम आतल्या खोलीत ठेवली. शिवण दाबायला दर वेळी उठून जावंच लागतं. व्यायाम म्हटलं की अण्णांना पोरखेळ वाटायचा. भिंतीला टेकून हनुवटी आत घ्या, खांदे मागे फिरवा, खोल श्वास घ्या, हे सगळं "शाळेतल्या पीटीसारखं" म्हणून टाळायचे. शेवटी टेप कामाला आली. दर महिन्याच्या एक तारखेला मी त्यांच्या छातीचं माप घ्यायचं, श्वास सोडून आणि भरून, आणि ते वहीत लिहायचं. आकडा वहीत चढतोय म्हटल्यावर गडी व्यायाम करायला लागला. दीडचे दोन झाले, पुढे सव्वादोन. त्यापुढं कधी गेला नाही. पण सव्वादोनच्या खाली आला की महिनाभर चूपचाप दुप्पट व्यायाम.

मला सगळ्यात अवघड गेलं ते मदत न करणं. अण्णा मोजे घालतात तेव्हा बघवत नाही. पाय स्टुलावर, हातात लांब चिमटा, आणि पाच-सात मिनिटांची झटापट. माझा हात आपोआप पुढं जातो. आई माझ्याकडं डोळे वटारते. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी राहते.

पायाची नखं मात्र मला काढावी लागतात. ती त्यांना दिसतात पण हाताला लागत नाहीत. बापानं लेकीसमोर पाय पुढं करायचा, हे पहिल्यांदा त्यांना जमेचना. आमच्यात लेकीच्या पाया पडतात, लेकीला पायाला हात लावू देत नाहीत. दोन महिने त्यांनी टाळलं, अंगठ्याचं नख आत वळून पिकलं, तेव्हा कुठं पाटावर पाय ठेवला. मी कोमट पाण्यात पाय भिजवले, नखं मऊ झाल्यावर एकेक काढलं. अण्णा पूर्ण वेळ माझ्या कात्रीकडं बघत होते. संपल्यावर म्हणाले, "कात्रीला धार न्हाई. आण हिकडं." आणि धार लावून दिली. तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी आमचा हा कार्यक्रम असतो आणि त्यात कुणाला लाज वाटत नाही.

अशा घरात राहिल्याशिवाय कळत नाहीत अशा काही गोष्टी आहेत. आपण तांब्या वर धरून पाणी पितो. मान मागं जात नसेल तर ते जमत नाही, पेल्यातलं शेवटचं घोटभर पाणीसुद्धा तळाशीच राहतं. अण्णांना पसरट वाटी बरी पडते. डोळ्यात थेंब घालायचे तर आडवं व्हावं लागतं. आडवं झालं की डोकं हवेत राहतं, म्हणून मानेखाली घडी केलेली चादर. दाढी करताना हनुवटीखाली वस्तरा जात नाही. रस्ता ओलांडताना मान वळत नाही, तर बैलगाडी वळवावी तसं अख्खं अंग वळवावं लागतं. आणि अण्णा माणसं चपलांवरून ओळखतात. दारात कुणी आलं की चेहऱ्याच्या आधी पाय दिसतात. "ये रे, अंगठा तुटलाय, शिवून घे," असं म्हणून ते स्वागत करतात. नवीन चप्पल घातलेला माणूस मात्र त्यांना क्षणभर परका वाटतो.

औषधांचं थोडक्यात सांगते. सुजेवरच्या गोळ्यांनी पहाटेचं दुखणं निम्म्यावर आलं, पण या वयात त्या गोळ्या पोटावर, मूत्रपिंडावर, रक्तदाबावर उठतात, आणि अण्णांचं क्रिएटिनिन वाढायला लागलं. डोळा परत परत सुजत होताच. मग अडॅलिमुमॅब नावाचं इंजेक्शन सुचवलं, दर पंधरा दिवसांनी, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली. ते प्रतिकारशक्तीचा एक धागा ढिला करतं, त्यामुळं आधी क्षयाची तपासणी. अण्णांची पॉझिटिव्ह आली. आजार नव्हता, जंतू झोपून होता. पण इंजेक्शननं तो जागा होऊ शकतो, म्हणून आधी त्याच्या गोळ्या, महिना गेला, मग इंजेक्शन. 2014च्या डिसेंबरात झायडस कॅडिला या भारतीय कंपनीनं याची स्वस्त आवृत्ती काढली होती म्हणून आम्ही विचार तरी करू शकलो. तरीही माझा निम्मा पगार. विम्यात बसलं नाही, कारण दवाखान्यात भरती व्हावं लागत नव्हतं. भाऊ आणि मी वाटून घेतलं. वर्षभरानं आराम पडल्यावर डॉक्टरांनी दोन इंजेक्शनांमधलं अंतर वाढवलं, तेव्हा श्वास घेतला. इंजेक्शन पुण्याहून थर्मासात बर्फाच्या पिशव्यांमधे येतं आणि फ्रीजमधे दोन ते आठ अंशांत राहावं लागतं, गोठूही द्यायचं नाही. आमच्या फ्रीजच्या दाराला आईनं कागद चिकटवलाय: "लाईट गेल्यास उघडू नये." त्या काळात अण्णांचा डोळा एकदाही लाल झाला नाही.

तपासणीला आता आम्ही एसटीनंच जातो. त्यांचं ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट, 2023 पासून माझंही बाईमाणसाचं अर्धं. दोघांत मिळून एक माणूस, असं अण्णा कंडक्टरला सांगतात. मधली सीट धरायची, मागच्या चाकावर बसायचं नाही, डोक्यामागं जी पोकळी राहते तिथं उशी. खंबाटकी घाटातल्या वळणांना मी त्यांचा दंड धरते. तेवढं चालतं त्यांना.

भावाचंही सांगितलं पाहिजे. एचएलए-बी27 ही खूण आईबापांकडून मुलांत उतरायची शक्यता निम्मी असते, पण खूण असणाऱ्या बहुतेकांना आजार होत नाही. म्हणून मला काही त्रास नाही तर तपासायची गरज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. भाऊ मात्र 36 वर्षांचा असताना एकदा वहिनी फोनवर सहज बोलली, "हे हल्ली पहाटे उठून हॉलमधे चालत बसतात." मी त्याच आठवड्यात त्याला ओढत नेलं. एमआरआयमधे कंबरेच्या सांध्यांची सूज दिसली. त्याचे उपचार सुरू आहेत, पोहायला जातो, सिगारेट सोडली. त्याची मान सगळीकडं वळते.

आता एका रात्रीचं. 2021 साली श्रावणात अण्णा न्हाणीघरात घसरले. घसरले म्हणजे काय, बसकण मारली आणि खांदा भिंतीला लागला. रक्त नाही, सूज नाही. मान दुखतेय म्हणाले. एका दवाखान्यात नेलं. तिथल्या माणसांनी त्यांना स्ट्रेचरवर उताणं झोपवलं आणि डोकं टेकत नाही म्हणून कपाळावर हात ठेवून खाली दाबायला लागले. अण्णा ओरडले. मी त्या माणसाचा हात धरून बाजूला केला, ओरडले मीही. डोक्याखाली माझी ओढणी, आईचं पातळ, जे मिळेल ते घडी करून घातलं. साधा एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही, गोळ्या देऊन घरी पाठवलं. दोन दिवस दुखणं वाढतच गेलं. पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, आहे त्या स्थितीत हलवा आणि लगेच सीटी स्कॅन करा. मानेच्या खालच्या मणक्याला तडा गेला होता.

जुळलेला कणा खडूसारखा असतो, हे तेव्हा कळलं. दिसायला जाड, आतून हाड विरळ, आणि वाकायची सोय नसल्यामुळं साध्या धक्क्यानं आडवा तडकतो. तो तडा साध्या एक्स-रेत निसटू शकतो. आणि अशी मान जबरदस्तीनं सरळ केली तर आतली मज्जारज्जू दबून हातपाय जाऊ शकतात. अण्णांचं हाड सरकलं नव्हतं, म्हणून शस्त्रक्रिया टळली. त्यांच्याच वाकलेल्या मानेच्या मापाचा पट्टा करून घेतला आणि साडेतीन महिने तो घालून राहिले. त्या पट्ट्याची शिवण कच्ची होती, ती त्यांनी स्वतः पक्की केली.

न्हाणीघरात आता दोन दांडे आहेत आणि खडबडीत फरशी. आणि अण्णांनी त्यांच्या प्रत्येक शर्टाला आतून, डाव्या बाजूला, एक चोरखिसा शिवलाय. त्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेलं कार्ड असतं. अक्षर माझं, मजकूर डॉक्टरांना विचारून लिहिलेला. घरात असा कणा असलेलं माणूस असेल तर हा मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यावा:

"मला अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस आहे. माझी मान आणि पाठ सरळ होत नाही. मी पडलो तर मला ओढून सरळ करू नका, डोकं खाली दाबू नका. मान आहे तशीच वाकलेली राहील अशी आधार देऊन ठेवा. एक्स-रेत काही दिसलं नाही तरी सीटी स्कॅन करा. खाली माझ्या मुलीचा आणि मुलाचा नंबर आहे."